डॉक्टरसाहेबांचे दहा शब्द

डॉक्टरसाहेब,

परवा कचेरीत तुमचा वजीफा, म्हणजे पेन्शन, बंद करण्याची दरख्वास्त लिहायला बसलो आणि मला तुमचं नाव आठवेना. सव्वीस वर्षं मी तुमचा कंपाउंडर. इतक्या वर्षांत 'डॉक्टरसाहेब' याखेरीज दुसरी हाक मारली नाही, म्हणून झालं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण टाकाची शाई कागदावर ठिबकली, समोरचे मुन्शीजी मान वर करून बघायला लागले. मग नाव आलं. वडिलांच्या नावासकट, गावासकट आलं. भराभर लिहून टाकलं आणि बाहेर येऊन लिंबाच्या झाडाखाली मटकन बसलो. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असता, "उशिरा आलं, पर आलं न्हवं? मग कशाला भ्यायलाव?"

भितो, साहेब. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. या दिवसांत माणसाने दुःख करावं, तसं ते होतंही; पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा मी भ्यालेलो जास्त आहे. सेलूतली माणसं येतात, तुमच्या थोरल्या बहिणीपाशी, आक्कांपाशी बसतात, "डॉक्टरसाहेबांच्या हाताला लय यश होतं" म्हणतात. मी मान डोलावतो. त्याच हातावर शेवटी मला पहारा ठेवावा लागला, हे मी कोणापाशी बोललेलो नाही. तुमच्यापाशी एकदाच बोललो होतो, आणि ते तुमच्यापाशी राहिलं नाही. म्हणून पुन्हा सांगायला बसलोय.

ही गोष्ट खरं तर गंगाखेडला सुरू झाली. आपण तिथल्या सरकारी दवाखान्यात होतो. गंगेपलीकडच्या गावातून दोघे भाऊ आपल्या म्हाताऱ्याला बैलगाडीत घालून घेऊन आले. म्हातारा पोटच्या पोरांना ओळखत नव्हता. "ही कोन माणसं हायत? मला कुटं नेयलेत?" असं माझ्या कानाशी लागून विचारत होता. पोरांचं म्हणणं, कोणीतरी भानामती केली. मिरच्यांची धुरी देऊन झाली होती, म्हाताऱ्याचे डोळे सुजले होते. मला वाटलं, आता तुम्ही दोघांना फैलावर घेणार. तुम्ही अंबाडीचा वाख मागवलात, म्हाताऱ्याच्या पुढ्यात टाकलात आणि म्हणालात, "बाबा, आमच्या घोड्याला दावं वळून द्या बरं." म्हाताऱ्याने पाय पसरले, अंगठ्यात वाख अडकवला आणि बघता बघता असं पीळदार दावं वळलं की धाकटा पोरगा तोंडावर उपरणं धरून रडायला लागला. "बाबा हितंच हायत," तुम्ही त्यांना सांगितलंत. "त्यास्नी धुरी देऊ नका. भाकर द्या, आन एकलं सोडू नका."

ते गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, हे असं का होतं. तुम्ही औषधाच्या एका जुन्या नुस्ख्याच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने दोन झाडं काढलीत.

"मेंदू म्हंजे तुरीचं शेत समजा, मन्मथअप्पा. एकेक पेशी म्हंजे एकेक झाड. ह्या झाडाच्या फांद्या त्या झाडाच्या फांद्यापतुर जातात, पर चिकटत न्हाईत. मदी केसाहून बारीक फट ऱ्हाती. हिकडचा निरोप ती फट वलांडून तिकडं जातो. आपलं शिकणं, वळखणं, आठवणं समदं त्या फटींवर चालायलंय."

"आन म्हातारपणी झाडं वाळतात?"

"तसंच समजतात लोक. काही वाळतातबी. पर लय झाडं जागच्या जागी उभी असतात. त्यांची बारकी टोकं झडतात. पानं गळाल्यावर तूर इरळ दिसती न्हवं, तसं. मग निरोप उशिरा पोचतो, कदी पोचतच न्हाई. नवं शिकलेलं पयले जातं. ज्या वाटेवर जल्मभर वर्दळ हाय, ती शेवटपतुर टिकती. म्हाताऱ्याचं दावं बगितलं न्हवं?"

मग तुम्ही पेन्सिल ठेवलीत आणि जरा खालच्या आवाजात म्हणालात की वापरात ठेवलं तर म्हाताऱ्या झाडालाही नवं टोक फुटतं, असं काही पुस्तकवाले लिहितात. "खरं काय ते मला ठावं न्हाई. कोणालाच पुरतं ठावं न्हाई," असंही लगेच जोडलंत. तुमची ही सवय मला आवडायची. बाकीचे डॉक्टर माहीत नसलेलं जास्त मोठ्याने सांगतात.

त्या संध्याकाळपासून आपला वाद सुरू झाला तो मिटलाच नाही. मी छातीवर इष्टलिंग बांधणारा माणूस. मी विचारलं, म्हणजे माणूस म्हणजे नुसत्या फांद्या आणि फटी? मग टोकं झडली की तो कुठे जातो? तुम्ही हसायचात. "तुमचा आत्मा कुटं बसतो ते मी कापून बगितलं न्हाई, अप्पा. सापडला तर तुमालाच पयले दावीन." दवाखान्यात मरीज नसलेल्या दुपारी, टांग्यात, गंगाखेडचा घाट उतरताना, सेलूला बदली झाल्यावर ओट्यावर बसून, सोळा-सतरा वर्षं आपण या वादाचं दळण दळलं. माझी बाजू लंगडी होती हे मला ठाऊक होतं. पण तुम्हीही कधी 'हरलात' म्हणाला नाहीत.

मग तुम्ही वजीफ्यावर आलात, मीही नोकरी सोडली, आणि सेलूत कापसाच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत आपण खासगी दवाखाना काढला. वर तुम्ही आणि आक्का, खाली दवाखाना. तुम्ही नुस्खा लिहायचा, मी औषध बनवायचं, कागदाच्या पट्टीला कातरीने खाचा पाडून ती शीशीला चिकटवायची, म्हणजे मरीजाला एका वेळच्या खुराकाची खूण कळते. शेवटी तुम्ही शीशी उजेडाकडे धरून बघायचात आणि मान हलवायचात. त्या मान हलवण्यावाचून शीशी दाराबाहेर गेली नाही. जर्मनीची लढाई सुरू झाल्यावर नव्या शीश्या मिळेनात, लोक तेलाच्या, अत्तराच्या, मिळेल त्या शीश्या घरून आणायला लागले. तरी पट्टी आणि उजेड चुकला नाही.

पहिलं कोणाच्या लक्षात आलं? माझ्या नाही. तुमच्याच. एका सकाळी तुम्ही मला आत बोलावलंत आणि दार लोटून घेतलंत.

"नाव उशिरा येतं ते सोडा, ते म्हातारपण हाय. काल सांजच्याला मी थर्मामीटर हातात घेतला आन हे कशाचं हाय, असं घटकाभर बगत बसलो. हे दुसरं हाय, मन्मथअप्पा."

मी म्हणालो, थकवा असेल. तुम्ही हात वर करून मला गप्प केलंत. मग तुमची योजना सांगितलीत. रोज सकाळी मी दहा शब्द कागदावर लिहायचे, तुम्हाला एकदा वाचून दाखवायचे, आणि शेवटचा मरीज गेल्यावर तुम्ही ते म्हणून दाखवायचे. किती आठवले तो आकडा मी सांगायचा. झाडाला पाणी घालणंही होईल आणि झाड किती उभं आहे तेही कळेल, असं म्हणालात. सलग तीन दिवस सहाच्या खाली आलात तर मी तुमच्या हातातलं कलम काढून घ्यायचं.

"दया करायची न्हाई. माज्या हातानं मानूस मेलं तर ते पाप तुमचंबी हाय. लिंग हातात घिऊन सांगा."

मी चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि शपथ घेतली.

वर्षभर नऊ, आठ, आठ, सात असं चाललं. तुम्ही चेष्टाही करायचात. "आज आडकित्ता लिव्हला व्हता, आडकित्ता गिळला मी," म्हणायचात. पुढे आकडे उतरायला लागले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका दिवशी तुम्ही चार शब्द म्हणालात, पाचवा म्हणून पहिलाच पुन्हा म्हणालात, आणि माझ्याकडे बघितलंत. तुमच्या तोंडावर अशी वाट बघणं मी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं तुमच्या खुर्चीपुढच्या बाकावर बसून मरीज ज्या तोंडाने तुमच्याकडे बघायचे, त्या तोंडाने तुम्ही माझ्याकडे बघत होता.

"किती?"

"सात," मी म्हणालो.

तुम्ही श्वास सोडलात. मी कागद घडी करून खिशात टाकला आणि पट्ट्यांसाठीची चिंचोक्याची खळ चाळवत बसलो. दुसऱ्या दिवशी पाच होते, मी 'सहा' म्हणालो. तिसऱ्या दिवशी काय म्हणालो ते सांगायची लाज वाटते.

तुमची दया आली म्हणून खोटं बोललो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. मी भ्यालो होतो. तुमचं कलम काढून घेणारा मी कोण, याला भ्यालो. तुमच्यावाचून या गावात माझी किंमत काय, यालाही भ्यालो. आणि शपथ मोडल्याची भीती तर रोज सकाळी पूजेला बसलो की तळहातावरच असायची.

मग मी दुसरी लबाडी केली. शब्द असे निवडायला लागलो की जे तुमच्या जुन्या वाटेवरचे असतील. रेल्वेची ठाणी ओळीने लिहायचो: जालना, परतूर, सातोना, सेलू, मानवत, पेडगाव, परभणी, अशी पुढे दहा. तुम्ही घडाघडा म्हणायचात, दहाच्या दहा, आणि खुश व्हायचात. एकदा मात्र थांबून म्हणालात, "आजकाल शबुद लय सोपे देयलाव, अप्पा." मी म्हणालो, "मलाच अवघड सुचेनात, साहेब." तुम्ही मान हलवलीत, शीशी बघून हलवायचात तशी. त्या मान हलवण्याचा अर्थ मी अजून लावतोय.

नुस्ख्यांत चुका यायला लागल्या. एकच औषध दोनदा लिहिलेलं. लहान लेकराला मोठ्या माणसाचा खुराक. मी आतल्या खोलीत निमूट दुरुस्त करायचो, बाहेर आणायचो, तुम्ही शीशी उजेडाकडे धरून मान हलवायचात. गंमत अशी की मरीज बरे होत होते. लोक म्हणायचे, म्हातारपणी डॉक्टरसाहेबांचा हात अजूनच चांगला झालाय. मी हसायचो आणि आत जाऊन नुस्खा पुन्हा वाचायचो. एक नुस्खा माझ्या नजरेतून सुटला तर? मला ताप आला तर? मी स्वतःच विसरलो तर? रात्री जेवताना घास घेऊन बसायचो आणि दिवसभराच्या शीश्या मनात पुन्हा मोजायचो. बायको म्हणायची, "तुमाला काय लागीर झालंय का?" तिलाही मी काही सांगितलं नाही.

तो सोमवार मी मरेपर्यंत विसरू नये, आणि विसरलो तर बरं, असं दोन्ही वाटतं. परभणीला बहीण आजारी होती. आदल्या दिवशी जाताना मी तुम्हाला तीनदा सांगितलं, मी येईपर्यंत दवाखाना उघडायचा नाही. तुम्ही चिडून म्हणालात, "मी काय लेकरू हाय का? न्हाई उघडत." सकाळच्या गाडीने परत आलो तर दार उघडं, तुम्ही खुर्चीत बसून जुनं मासिक वाचत होता. आत गेलो. टेबलावर मापाचा पेला ओला होता. हृदयाच्या औषधाची मोठी शीशी पुढ्यात होती. हे औषध थेंबांनी द्यायचं, जास्त झालं तर हृदयच थांबवणारं. पहारा ठेवायला लागल्यापासून त्या शीशीवरही मी माझ्यापुरती पट्टी चिकटवली होती. औषध पट्टीच्या दोन खाचा खाली गेलेलं होतं.

"साहेब, कोणाला औषध दिलं?"

"कोणालाच न्हाई. कोणीच आलं न्हाई."

तुम्ही खोटं बोलत नव्हता. जिन्यावरून आक्का खाली आल्या आणि म्हणाल्या, "काशीबाईची सून आलती की. भाऊनं सोताच शीशी भरून दिली. दोन-तीनदा आत गेला, परत परत पेला भरायलाता. मी म्हनलं, मन्मथअप्पा न्हाईत म्हून येळ लागायलाय."

मला कळलं. तुम्ही माप अचूक घेतलं होतं. शीशीत घातलं, पाठ वळवली, घातलेलं विसरलात, आणि पुन्हा तितकंच अचूक माप घेतलंत. पुन्हा. पुन्हा. तुमच्या हाताने एकदाही चूक केली नव्हती. गंगाखेडच्या म्हाताऱ्याचं दावं मी तेव्हा कौतुकाने बघितलं होतं. त्यात एवढं विष असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी पळालो. चव्वेचाळीस घरं टाकून काशीकाकूंचं घर, आमच्याच समाजातलं. चप्पल वाटेत कुठे सुटली ठाऊक नाही. सून चुलीपाशी होती. काकू देवघरात बसल्या होत्या, डाव्या हातावर लिंग, उजव्या हाताने बेलाचं पान वाहत होत्या, डोळे मिटलेले. शेजारी पाटावर आपली शीशी, आणि पितळेच्या वाटीत ओतून ठेवलेला पहिला खुराक. सोमवार म्हणून पूजा लांबली होती. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही, हा आमचा नेम. कितीदा समजावलं होतं तुम्ही, औषधाला नेम लावू नका म्हणून. काकूंनी तुमचं कधी ऐकलं नाही, म्हणून त्या जगल्या.

मी वाटी उचलली, शीशी उचलली. सून म्हणाली, "काय झालं, मामा?"

"काही न्हाई. औषध जुनं व्हतं. नवं आणून देतो."

मोरीत शीशी ओतली, वाटी ओतून धुतली. काकूंनी डोळे उघडले आणि मला बघून हसल्या. "बस की मन्मथ, परसाद घिऊन जा," म्हणाल्या. मला बसवेना.

त्या दुपारी मी तुम्हाला सगळं सांगितलं. आकडे, ठाणी, दुरुस्त केलेले नुस्खे, काकूंची वाटी. जिनिंगच्या कारखान्याचा भोंगा झाला, तो संपल्यावर तुम्ही विचारलंत,

"किती दिवसांपून?"

"चार महिने झाले."

"तुमी लिंग हातात घेतलं व्हतं."

"व्हय."

मला वाटलं ओरडाल. मी तर मनातून म्हणत होतो, ओरडा. तुम्ही कलमाला टोपण लावलंत, माझ्या हातात दिलंत आणि अगदी सावकाश म्हणालात, "चार महिन्यामागं सांगितलं असतं, तर मला ते समजलं असतं आन डोक्यात ऱ्हायलं असतं. मी तयारी केली असती. आक्काशी बोललो असतो. आज समजायलंय, अप्पा. पर उद्या ऱ्हाईल का?"

साहेब, तुमच्याकडून मी चार महिने चोरले. ज्या दिवसांत तुम्हाला स्वतःचं काय होतंय हे कळू शकत होतं, निरोप घेता येत होता, तेच दिवस. एवढं मोठं माझ्या हातून दुसरं काही वाईट झालेलं नाही. तुम्ही माफ केलंत की नाही, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी उत्तर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जिना उतरून आलात, अंगात कोट, खिशात दुसरं कलम, आणि खुर्चीत बसून म्हणालात, "हं, मन्मथअप्पा, आजचे दहा शबुद?"

मी दाराची कडी धरून उभा होतो. पुन्हा सगळं सांगायचं? काल ज्या माणसाला ते ऐकून जे झालं, ते आज पुन्हा करायचं, उद्या पुन्हा, रोज? माझ्यात ती हिंमत नव्हती. तोंडातून निघून गेलं, "आज जुम्मा, साहेब. दवाखाना बंद."

आपल्या निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची, शुक्रवारची; सरकारी नोकरीत तुमचं सारं आयुष्य त्या सुट्टीवर गेलेलं. ती वाट तुमच्या डोक्यात खोल होती. "आरं, जुम्मा व्हय," म्हणालात, कोट काढून खुंटीला लावलात आणि वर जाऊन आक्कांना चहा मागितलात. त्या दिवशी मंगळवार होता.

मग रोजच जुम्मा झाला. आक्कांना मी सांगून ठेवलं, त्या आधी रडल्या, मग त्याही म्हणायला लागल्या. मरीजांना मी गल्लीच्या तोंडावरच गाठून सरकारी दवाखान्यात पाठवायचो. आख्खा हिवाळा सेलूत बाजार भरत होते, कापसाच्या गाड्या येत होत्या, आणि आपल्या दारात जुम्मा होता. कधी कधी तुम्ही खिडकीशी उभे राहून म्हणायचात, "जुम्मा हाय तर मशिदीकडं गर्दी कशी न्हाई?" "अजून वखत झाला न्हाई, साहेब," म्हणायचो. तुम्ही माझ्याकडे बघायचात, फार वेळ बघायचात. त्या नजरेत संशय होता की नुसता रिकामपणा, हे मला ओळखता आलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

एक मात्र सांगतो. त्या दिवसांत आपण जितके बसलो तितके आधी कधी बसलो नव्हतो. तुम्ही मला हैदराबादच्या तुमच्या शिकण्याच्या दिवसांतल्या गोष्टी सांगायचात, त्याच त्या, आणि दर वेळी नव्याने हसायचात. एकदा माझं नाव विसरलात, तरी माझ्या हाताची नाडी धरून म्हणालात, "जरा जोरात चालायलीय. कशाला भ्यायलाव?" माझं नाव गेलं होतं, पण भीती तुम्ही बोटांनी ओळखलीत. तेव्हा मला आपला जुना वाद आठवला. टोकं झडल्यावर माणूस कुठे जातो, हे विचारायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. टोकं झडूनही तुम्ही तिथेच होता; मला वाटतं त्या दिवशी माझी बाजू थोडी वर होती. तुमचे उपकार आहेत माझ्यावर, साहेब, आणि त्यातला हा सगळ्यात मोठा.

अकरा दिवसांपूर्वी सकाळी तुम्ही नेहमीसारखे जिना उतरलात. कोट चढवलेला होता. मी नेहमीसारखं म्हणालो, "आज जुम्मा, साहेब."

तुम्ही कोट काढला नाहीत. खुर्चीत बसून राहिलात. मी चहा आणला, तो तसाच निवला. दुपार झाली आणि गल्लीतून माणसं जायला लागली, एकामागून एक, धुतलेल्या कपड्यांत, जोड्यांचे आवाज करत. तुम्ही कान देऊन ऐकलंत आणि उठलात.

"भायेर लोक आलेत."

"मशिदीत चाललेत, साहेब. आज जुम्मा हाय."

तुम्ही माझ्या अगदी जवळ आलात. इतक्या महिन्यांत तुमचे डोळे एवढे लख्ख मी बघितले नव्हते. "खोटं बोलू नका, मन्मथअप्पा," तुम्ही म्हणालात. माझं नाव तुम्ही त्या दिवशी बरोबर घेतलंत. "रोज जुम्मा कसा आसल? लोक वाट बघायलेत. कोणाचं तरी जीवाचं हाय. सोडा मला."

मी दारात आडवा झालो. तुम्ही माझ्या दंडाला धरून मला बाजूला ओढायला लागलात. तुमच्या बोटांत केवढा जोर होता! मी हललो नाही. बाहेर पावलं वाजत होती आणि दर पावलागणिक तुम्ही आणखी घाबरत होता. शेवटी थकून खुर्चीत बसलात, मान दाराकडेच, आणि बसल्या बसल्या ती मान कलली. मी आक्कांना हाक मारली तेव्हा सगळं झालेलं होतं. माझ्या दंडावर तुमच्या बोटांचे वळ चार दिवस होते.

तुम्ही मला ओळखून गेलात, आणि खोटारडा म्हणून ओळखून गेलात. ते मला लागू आहे, मी तक्रार करत नाही. पण दाराबाहेर कोणीतरी तडफडतंय आणि आपण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, ही भीती उराशी घेऊन तुम्ही गेलात, ते मला सोसवत नाही. हिवाळाभर मी तुम्हाला जुम्मा खोटा सांगितला, डॉक्टरसाहेब. त्या दिवशीचा खरा होता, माणसं नमाजालाच चालली होती. बाहेर कोणीही वाट बघत नव्हतं.